पाच माणसं, एक दिवा

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला ‘भिंतीवर काय टांगावं’ यावर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या एका पत्रात एका भगिनीने मला चांगलंच पकडलं आहे. त्या लिहितात, ‘तुम्ही आम्हाला भिंती सजवायला सांगता, पण तुमच्या स्वतःच्या जेवणघरात काय लावलंय ते नाही सांगितलंत!’

खरं सांगू? मुद्दामच नाही सांगितलं. कारण आमच्या जेवणघरात जे चित्र आहे त्यावरून घरात दोन महिने धुसफूस चालली होती.

माझे धाकटे दीर हॉलंडमध्ये आइंडहोवन या गावी नोकरीला आहेत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आले तेव्हा एक पुठ्ठ्याची नळी माझ्या हातात देऊन म्हणाले, “वहिनी, हे खास तुमच्यासाठी. तुम्ही चित्रांवर लिहिता ना!” हॉलंडहून आलंय म्हटल्यावर आम्हा सगळ्यांना वाटलं, ट्यूलिपची फुलं असतील, नाहीतर पवनचक्की. धाकटीने घाईघाईने गुंडाळी उलगडली आणि तिचा चेहराच पडला. ना फूल, ना चक्की. रंग म्हणाल तर नुसता काळा. अंधाऱ्या खोलीत टांगता दिवा, खाली टेबल, आणि टेबलाभोवती हाडं वर आलेली पाच माणसं जेवताहेत.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि निकाल दिला, “ही माणसं उपाशी आहेत गं. जेवताना समोर उपाशी माणसं नकोत.”

भाऊजी हिरमुसले. मीच मग मध्ये पडून म्हटलं, “असू दे हो, जुनं एचिंग आहे. त्याचा काळेपणाच बघायचा असतो.” एचिंग हा शब्द मला कॉलेजात कुठेतरी भेटला होता. जुनं, परदेशी, काळं-पांढरं छापील चित्र दिसलं की एचिंग म्हणायचं, एवढंच माझं ज्ञान!

पण शब्द तोंडातून गेला की तो खरा करून घ्यावा लागतो. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथल्या चित्रकलेच्या सरांना ते चित्र नेऊन दाखवलं. त्यांनी हसून सांगितलं, “बाई, हे एचिंग नव्हे. हा शिळाछाप आहे. मूळ छाप दगडावरून काढलेला, आणि ही त्याची आताची नक्कल.”

दोन्हींतला फरक त्यांनी असा समजावला, की तो मी जन्मात विसरणार नाही. एचिंगमध्ये तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा घेतात, त्यावर मेणाचा थर देतात आणि सुईने मेण खरवडत चित्र काढतात. मग पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथे मेण निघालं तिथे तेजाब धातूला खातं आणि बारीक चर पडतात. चरांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओल्या कागदावर दाबून छाप घ्यायचा. आपण चिंच-मिठाने तांब्याची भांडी लख्ख करतो ना, तिथेही तो आंबटपणाच काम करत असतो. तेजाब म्हणजे त्याचा थोरला भाऊ.

शिळाछापात चरे नाहीत, खरवडणं नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एकाच गोष्टीवर तो चालतो. गुळगुळीत घासलेल्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, त्यावर थोडे रासायनिक संस्कार करायचे आणि दगड ओला करायचा. तेलकट रेघांवर पाणी ठरत नाही. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते, ओला दगड तिला जवळ येऊ देत नाही. वर कागद ठेवून दाबला की झालं चित्र. ही युक्ती १७९६ च्या सुमारास जर्मनीत आलॉइस झेनेफेल्डर या नाटककाराला सापडली. कशी सापडली ते त्याने स्वतः लिहून ठेवलंय. कपडे न्यायला माणूस दारात उभा, आईला धुण्याची यादी लिहून हवी, आणि घरात कागदाचा कपटा नाही! म्हणून त्याने ती यादी आपल्या मेणाच्या शाईने हाताशी असलेल्या दगडावरच लिहिली. एवढी मोठी विद्या, आणि तिची सुरुवात धोब्याच्या हिशेबाने! मला ही गोष्ट फार आवडली.

घरी येऊन मी ती सासूबाईंना सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने देवघरातून लाल फडक्यात बांधलेली त्यांची पोथी घेऊन आल्या. त्यांच्या आजीची, मोठ्या अक्षरांची, कडा काळ्या पडलेली. “ही शिळाछापाची आहे म्हणायचे आमचे आप्पा. म्हणजे हे तेच का गं?” होय, तेच. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या पोथ्या दगडावरून छापलेल्या आहेत. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून घरोघरी पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीही दगडावरूनच उतरल्या.

पोथी आणि ते चित्र एकाच जातीचं निघाल्यावर विरोध थोडा निवळला. चित्र फ्रेमवाल्याकडे गेलं आणि जेवणघरात लागलं. आणि रोज दोन वेळा समोर दिसायला लागल्यावर मी त्याच्या मागे लागले. जिथून मिळेल तिथून वाचलं, भाऊजींना फोन करकरून भंडावून सोडलं.

चित्र काढणारा व्हिन्सेंट व्हॅन गॉग. नाव तुम्ही ऐकलं असेल, सूर्यफुलांमुळे. पण ती सूर्यफुलं पुढची, फ्रान्समधली. हे चित्र १८८५ च्या एप्रिलमधलं, न्यूनेन नावाच्या खेड्यातलं. आमच्या भाऊजींच्या आइंडहोवनला लागूनच आहे म्हणे, सायकलने जाता येतं. व्हिन्सेंट तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. चित्रकार व्हायचं ठरवून जेमतेम पाच वर्षं झाली होती, कमाई शून्य. थिओ हा धाकटा भाऊ पॅरिसला चित्रांच्या दुकानात नोकरी करून दरमहा पैसे पाठवी, त्यावर याचं चालायचं. वडील त्या गावचे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. ते मार्चच्या अखेरीस अचानक वारले आणि महिना व्हायच्या आत याने हे चित्र दगडावर काढलं.

ते सगळं हिवाळाभर त्याने शेतकऱ्यांचे चेहरे काढण्यात घालवलं होतं. एक नाही, दोन नाही, चाळीसएक. नांगरणारे, विणकर, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बाया. त्यातल्याच द ग्रोट नावाच्या कुटुंबाच्या झोपडीत तो संध्याकाळी जाऊन बसे. दिवसभर शेतात राबून आलेली ती माणसं दिव्याखाली बटाटे खात, तेच त्याने रंगवायला घेतलं. डच भाषेत बटाट्याला ‘जमिनीचं सफरचंद’ अशा अर्थाचा शब्द आहे. नाव एवढं गोड, पण खाणं गरिबाचं. १८४५ साली त्या देशात बटाट्यावर रोग पडला तेव्हा गरिबांचे फार हाल झाले होते. (आपला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. आपण तो उपासाला खातो, हे त्या माणसांना सांगितलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे!)

मोठं तैलचित्र करण्याआधी त्याने आइंडहोवनच्या गेस्टेल यांच्या छापखान्यातून हा शिळाछाप काढून घेतला. दगडावरचं चित्र त्याने एका दिवसात काढलं, तेही नुसत्या आठवणीने. छाप निघाले वीसएक. दगडावर जसं सरळ काढावं तसं काढलं आणि कागदावर ते उलटं उमटलं! म्हणून तैलचित्रात उजवीकडे बसलेली म्हातारी आमच्या चित्रात डावीकडे आहे. शिक्का उलटा कोरावा लागतो हे आपल्या शाळेतल्या मुलींनाही ठाऊक असतं. आयुष्यात याने छापील चित्रं काढली सगळी दहा. त्यांतली नऊ शिळाछापाची. एचिंग एकच, तेही शेवटच्या वर्षी, १८९० मध्ये, त्याच्या डॉक्टरांचं, डॉक्टर गाशे यांचं. म्हणजे मी त्या दिवशी ठोकून दिलेलं ‘एचिंग’ दहातलं एक निघालं असतं तर माझं नशीब!

आता चित्रात काय आहे ते नीट सांगते. वर दिवा. खाली मधोमध बटाट्यांचं एकच ताट, सगळ्यांचं मिळून. उजवीकडे एक तरुण आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या टोपीतली एक बाई, दोघांच्या हातांत काटे. मध्ये, अगदी पुढे, एक मुलगी आपल्याकडे पाठ करून बसलेली. तिचा चेहरा दिसतच नाही. तिच्या पलीकडे एक वयस्क माणूस हातात कप धरून. आणि डावीकडच्या टोकाला म्हातारी, खाली मान घालून कॉफी ओतते आहे.

पहिले काही दिवस मला नुसते चेहरे दिसत. ओठ जाड, गालफडं वर, नाकं अशी की जशी मातीची. छान दिसावं म्हणून काढलेलं यात काही म्हणजे काही नाही. थिओला लिहिलेल्या पत्रात व्हिन्सेंटने म्हटलंय, की ज्या हातांनी हे लोक ताटातून बटाटे उचलतात त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे मला दाखवायचं होतं. हे अन्न त्यांनी कष्टाने मिळवलंय. आणि शेतकऱ्याच्या चित्राला धुराचा, बटाट्याच्या वाफेचा वास आला तर त्यात बिघडलं काय, तो वास वाईट नव्हे. तैलचित्राचा रंगही त्याने धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा ठेवला.

हे मी वर्गात सांगून पाहिलं. सातवीच्या मुलींना ‘चित्रवर्णन’ लिहायचं होतं, तेव्हा चित्र फ्रेमसकट रिक्षातून शाळेत नेलं. बहुतेकींनी लिहिलं, ‘हे एक गरीब कुटुंब आहे, ते दुःखी आहे.’ एका मुलीने मात्र लिहिलं, ‘ही माणसं दुःखी नाहीत, दमलेली आहेत. माझी आई कांदे काढून आली की तिची बोटं अशीच दिसतात, ती मिटत नाहीत.’ मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग चित्राकडे पाहिलं. खरंच की! काटा धरलेली ती बोटं नीट मिटलेली नाहीत. मला इतके दिवस ते चित्रकाराचं कच्चं काम वाटत होतं.

कच्चं काम आहेच म्हणा. हे म्हणणारी मी पहिली नव्हे. व्हिन्सेंटने एक छाप आपल्या मित्राला पाठवला. त्याचं नाव अँथन व्हॅन रॅपार्ड. तोही चित्रकार, पण सुखवस्तू घरातला, रीतसर शिकलेला. दोघांची पाच वर्षांची मैत्री. त्याचं उत्तर जे आलं ते वाचून आजही अंगावर काटा येतो. असलं काम गंभीरपणे केलेलं असूच शकत नाही, असं त्याने लिहिलं. मग एकेक चूक. मागच्या बाईचा हात नखरेल का? उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसं नकोत का? त्याचा हात मीटरभर आखूड का? अर्धं नाक कुठे गेलं? आणि कॉफीची किटली, टेबल आणि किटलीच्या कडीवरचा हात यांचा एकमेकांशी संबंध तरी काय? ती किटली ना ठेवलेली, ना उचललेली, मग करते आहे तरी काय?

व्हिन्सेंटने ते पत्र घडी घालून ज्याचं त्याला परत पाठवून दिलं! परत गेलं म्हणूनच ते टिकलं आणि आज आपल्याला वाचायला मिळतं. पुढे थोडी पत्रापत्री झाली, पण मैत्री काही सांधली नाही, त्याच वर्षी ती संपली. चित्रात चुका आहेत हे व्हिन्सेंटही कबूल करतो. त्याचं म्हणणं एवढंच, की चुका मोजायच्या आणि त्यातलं जिवंत आहे ते बघायचंच नाही, हा कुठला न्याय?

मी काही कलेची जाणकार नव्हे. हात आखूड आहे, मलाही दिसतो. बाकी गुडघ्या-फुप्फुसांचं रॅपार्डसाहेबांनी बघून घ्यावं. पण किटलीच्या मुद्द्यावर मात्र मी त्यांना सोडणार नाही. आमच्याकडे हळदीकुंकवाला वापरायची जुनी पितळी किटली आहे, भरली की चांगली जड होते. मी ती पाण्याने काठोकाठ भरली, खुर्चीत बसले आणि ओळीने मांडलेल्या कपांत ओतून पाहिलं. बसून ओतताना किटली उचलायची नसते, ती कलंडायची असते. तळ टेबलाला टेकू-न टेकू असा आणि हात कडीवर वरून पडलेला. घट्ट धरलं तर मनगट भरून येतं. चाळीस-पन्नास वर्षं घरातल्यांना ओतून देणारी बाई किटली अशीच हाताळणार. ना ठेवलेली, ना उचललेली. अगदी तश्शीच! रॅपार्डसाहेबांनी जन्मात कधी भरल्या किटलीतून पाच जणांना ओतून दिलं नसावं, असा माझा आपला अंदाज. हे आमच्या घरी मी जेवताना मोठ्या ऐटीत सांगितलं. हे म्हणाले, “हे त्या संग्रहालयाला कळवून टाक!”

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या चित्राकडे बघत होत्या. म्हणाल्या, “तिच्या हातात काटा कुठाय?”

मी बघितलं. नाही. म्हातारीच्या हातात काटा नाही. बाकीचे जेवताहेत, पितात, ती ओतते आहे. शेजारचा माणूस तिच्या दिशेने बघतो आहे, पण तिच्याकडे की कॉफीकडे, हे सांगता यायचं नाही. जवळजवळ वर्षभर मी त्या चित्रासमोर वाढलं, आमटी आणून दिली, गरम पोळी आणून दिली, शेवटी बसून जेवले. आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही! सासूबाईंच्या आली. त्या त्यांच्या सासरी चौदा माणसांचं वाढून मग बसत, ते मी लग्नानंतर ऐकलेलं आहे. त्या दिवशी त्यांनी तेवढंच विचारलं आणि ताक मागितलं.

आता त्या पांढऱ्या टोपीतल्या बाईबद्दल. तिचं नाव गोर्डिना. व्हिन्सेंटने तिचे चेहरे पुष्कळ काढले. त्याच उन्हाळ्यात तिला दिवस असल्याचं गावात कळलं. लग्न झालेलं नव्हतं. झालं! सगळ्यांनी चित्रकाराकडे बोट दाखवलं. आपला काही संबंध नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. पण गावच्या कॅथलिक धर्मगुरूंनी आपल्या लोकांना ताकीद दिली, की याच्यासमोर चित्रासाठी बसायचं नाही. बसला नाहीत तर पैसे देऊ, असंही आमिष दाखवल्याचं व्हिन्सेंटने लिहिलंय. ज्या माणसांसाठी त्याने हिवाळा काढला त्यांच्या झोपड्यांची दारं बंद झाली. नोव्हेंबरात त्याने गाव सोडलं, आणि मायदेशही. पुन्हा तो तिथे राहायला कधी आला नाही. गोर्डिनाला मूल झालं ऑक्टोबरात. चित्राच्या गोष्टीत पुढे तिचं काही येत नाही, आणि तेच मला खुपतं. चित्रकाराची बदनामी पुस्तकांत पानंच्या पानं आहे. तिचं त्या गावात पुढे कसं निभावलं असेल?

दोन वर्षांनी पॅरिसहून आपल्या धाकट्या बहिणीला लिहिताना व्हिन्सेंट म्हणतो, माझ्या सगळ्या कामात न्यूनेनला काढलेलं ते बटाटे खाणाऱ्यांचं चित्रच शेवटी सगळ्यांत चांगलं. तोवर रंगांचं त्याला वेड लागलं होतं, हात कितीतरी सुधारला होता, तरी!

आणि ते तैलचित्र होतं कुठे? थिओच्या घरी, पॅरिसला, जेवणाच्या खोलीत, शेकोटीच्या वर! हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः सासूबाईंना हाक मारून सांगितलं. थिओची बायको योहाना, सगळे तिला यो म्हणत. लग्नाआधी ती मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. १८८९ मध्ये लग्न झालं, पुढच्या जानेवारीत मुलगा झाला, त्याचं नाव काकाचंच ठेवलं, व्हिन्सेंट. जुलैत तो काका गेला, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी थिओ. अठ्ठाविसाव्या वर्षी ही विधवा, कडेवर वर्षाचं मूल, आणि घरात कोणी विकत न घेतलेली शेकडो चित्रं.

ती हॉलंडला परतली. बुसम या गावी घर घेऊन राहायला-जेवायला पाहुणे ठेवले, भाषांतरं केली आणि चित्रं भिंतीवर लावली. दिरांनी नवऱ्याला लिहिलेली पत्रं तिने जपून ठेवली होती. त्यांतल्या बहुतेकांवर तारखा नव्हत्या. मजकुरावरून माग काढत ती तिने ओळीने लावली आणि १९१४ साली तीन खंडांत छापली. वाफेचा वास, जमीन खणणारे हात, हे सगळं मी वर लिहिलं ते त्या पत्रांमुळेच कळलं. त्याआधी १९०५ साली तिने ॲमस्टरडॅमला चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. नंतर पत्रांचं इंग्रजी भाषांतर करायला घेतलं आणि १९२५ मध्ये वारली तोवर ते चालूच होतं. दिराच्या चित्रांवर हिने एवढा जीव लावला, पण तो दीर तिला भेटला किती? त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात, मोजके दिवस.

ते तैलचित्र आता ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. १९७३ साली ते उघडलं. २०२१ मध्ये या एका चित्रावर तिथे अख्खं प्रदर्शन भरलं होतं, आणि त्याच्या नावातच विचारलं होतं, ही चूक की श्रेष्ठ कलाकृती? म्हणजे रॅपार्डसाहेबांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

बरं, मूळ प्रश्न ‘भिंतीवर काय’ हा होता, तेव्हा थोडं कामाचंही सांगते. असं काळं चित्र घेतलंत तर काच आणि चित्र यांच्यामध्ये पांढऱ्या जाड कागदाची चांगली चार बोटं चौकट ठेवायला सांगा. मी पहिल्यांदा पैसे वाचवायला ती टाळली, तर चित्र काचेला चिकटून पावसाळ्यात एका कोपऱ्यात दमटपणाचा डाग आला. फ्रेमच्या मागच्या बाजूला खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीला हवा लागते आणि ओल चित्रात शिरत नाही. शेगडीच्या समोरच्या भिंतीवर लावू नका, फोडणीच्या तेलाचा पापुद्रा काचेवर बसतो. बसलाच तर कोमट पाण्यात दोन थेंब व्हिनेगर, फडकं पिळून घेऊन पुसा. काचेवर पाणी मारू नका, ते कडेने आत जातं. आणि उभं राहून नव्हे, बसून डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर खिळा मारा. जेवणघरात आपण बसलेले असतो.

आमचा खिळा गेल्या महिन्यात बदलला. सासूबाईंच्या खुर्चीवरून दिव्याची चकाकी काचेवर यायची आणि नेमकी म्हातारी दिसायची नाही. त्यांनी यांच्याकडून चित्र हातभर डावीकडे सरकवून घेतलं. जुन्या खिळ्याचं भोक अजून बुजवायचं राहिलंय.

डाळीच्या डब्यातल्या किड्यांबद्दल तीन पत्रं आली आहेत. त्याबद्दल पुढच्या अंकात.